उन्हाळा, भीती आणि चोवीस तास

श्रोतेहो, नमस्कार.

“दिसायली तर चांगली की!” नऊ वर्षांत हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं असेल! मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, थोडक्यात एमएस. आपलीच रोगप्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं मायलिनचं आवरण खाते. विहिरीवरच्या मोटारीची वायर उंदरानं कुरतडावी, तसं. बाहेरून काय दिसणार?

निदानानंतरचा पहिला मे. परभणीत पारा ४२ च्या वर, त्यात लाइट गेलेली. भाकरी थापताना डाव्या डोळ्यापुढं धूसर झालं, पायांचं लाकूड झालं. पुन्हा एमएसचा अटॅक आला म्हणून रात्रभर रडले. पहाटेच्या गारव्यात सगळं जागेवर! त्या आठवड्यात असं तीनदा झालं. आजारानं नाही पिळलं तेवढं त्या भीतीनं पिळलं.

पुढं डॉक्टरांनी उलगडून सांगितलं. श्रमानंतर अशा रुग्णांची नजर मंदावते, हे विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्यानं १८९० मध्येच नोंदवलं होतं. कारण उष्णता, हे नंतर कळलं. आवरण झिजलेल्या नसेत अर्ध्या अंशाच्या वाढीनंही संदेश अडखळतो. अंग गार झालं की पूर्ववत होतो. नवी इजा होत नाही.

तेव्हापासून मी घड्याळ बघते. नवा त्रास गारव्यात बसूनही २४ तास टिकला, तर डॉक्टरांना फोन. तापानं किंवा लघवीच्या जंतुसंसर्गानंही जुनी लक्षणं उसळतात, म्हणून तेही सांगायचं. मात्र नजर एकदम गेली, पाय उचलेनाच, तर तास मोजत बसायचं नाही.

“ताण घेऊ नको,” म्हणतात. मी काय तो मोंढ्यातून विकत आणते? ताणाचा अटॅकशी संबंध अभ्यासांत दिसतो, पण ताण झाला की अटॅक येतोच, असं नाही. या वाक्याचाच ताण घेतलेल्या बायका मी पाहिल्यात.

आता भाकरी बसून थापते, मानेवर ओला पंचा. बाहेरची कामं उन्हं चढायच्या आत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएस आहे, म्हणून प्रमाणपत्रासाठीही अर्ज केला. माझा पाय अडखळला की सासूबाई आता देवऋषाचं नाव काढत नाहीत. माठातलं पाणी पुढं करतात आणि विचारतात, “किती वाजलेत, बघितलंस का?”