काट्यावर न सापडणारा रेडिओ

[दृश्य: वसईतला किनारा, एका घराच्या ओट्यावर जुना ट्रान्झिस्टर]

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत रेडिओचा काटा कितीही फिरवा, ख्रिस्ती भक्तिगीतांचं स्वतंत्र एफएम स्टेशन लागणार नाही. आपल्याकडे धार्मिक संस्थेला किंवा तिच्या ताब्यातल्या कंपनीला खासगी एफएमचा परवानाच मिळत नाही. देऊळ, मशीद, चर्च, सगळ्यांना नियम एकच. सामुदायिक रेडिओची वाट २००६ साली स्वयंसेवी संस्थांना मोकळी झाली खरी, पण त्याची ताकद जेमतेम १०० वॅट. कोकणात मधे एखादा डोंगर आडवा आला की पलीकडच्या वाडीला खरखर ऐकू येणार.

मग उरतो मोबाइलवर ऐकायचा इंटरनेट रेडिओ. ६४ केबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिटच्या वेगानं, गाणी ऐकली तर तासाला २९ एमबीच्या आसपास डेटा जातो. रेंज अडखळणाऱ्या गावातही एवढं निभतं. जाहिराती नाहीत, गाणी साठवून पाठवणाऱ्या संगणकाचं, म्हणजे सर्व्हरचं, भाडं वर्गणीतून.

[दृश्य: गायनवृंदाचा सराव]

पण लावायचं काय?

रेव्हरंड नारायण वामन टिळक मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. अभंग, भजन, कीर्तन या आपल्याच वाटेनं त्यांनी ख्रिस्तभक्ती गायली. ते १९१९ साली गेले, त्यामुळे त्यांच्या शब्दांवरचा स्वामित्वहक्क कधीच संपलाय. मात्र त्याच गीताचं गेल्या वर्षी कुणी रेकॉर्डिंग केलं असेल, तर त्यावर करणाऱ्याचा हक्क असतो. ‘आम्ही कुठे पैसे कमावतोय?’ हे उत्तर तिथे चालत नाही.

तेव्हा आपलं आपण रेकॉर्ड करायचं. खिडक्या लावायच्या, पंखे बंद. एप्रिलच्या उकाड्यात पंखे बंद म्हणजे काय, ते किनाऱ्यावरच्या माणसालाच विचारा! पेटी माइकपासून लांब ठेवायची, नाहीतर सुरांच्या आधी भात्याची धाप ऐकू येते. तिसऱ्या कडव्याला बाहेरून रिक्षा गेली, की पुन्हा पहिल्यापासून.

एवढा खटाटोप का? शहरातल्या स्टुडिओतली चकचकीत गाणी यूट्यूबवर पडलेलीच आहेत, त्यांच्यासाठी वेगळा रेडिओ कशाला हवा? वसईत सामवेदी आणि वाडवळी बोलणारी ख्रिस्ती घरं आहेत. रायगडात कोर्लईला पोर्तुगीज वळणाची बोली अजून घरात बोलतात. खाली सिंधुदुर्गात, जिथे २००५ साली वेगळा कॅथलिक धर्मप्रांत झाला, कोकणी आणि मालवणी शेजारी शेजारी नांदतात. सामवेदी बायका लग्नात म्हणतात ती गाणी काही भक्तिगीतं नव्हेत, हे कबूल. तरी ती लावावीत, असं आम्हाला वाटतं. आज्यांना पाठ आहेत तोवरच ती हाताला लागतील.

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर गाण्यांची यादी]

यादी लावणाऱ्याला चर्चचं कॅलेंडर पाठ हवं. कॅथलिक उपासनेत ईस्टरआधीच्या उपवासकाळात ‘आलेलुया’ हा स्तुतीचा घोष गात नाहीत. संगणकाला हे कोण सांगणार? यादी त्याच्यावर सोडली, तर गुड फ्रायडेच्या दुपारी तो खुशाल नाताळचं गाणं लावेल.

[दृश्य: पाऊस, विजेच्या तारा]

पावसाळ्यात लाईट गेली तरी साठवलेली गाणी अडत नाहीत, सर्व्हर दुसरीकडे असतो. अडतं ते थेट प्रक्षेपण. म्हणून रविवारचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, थेट ऐकवायचा असेल, तर आधी इन्व्हर्टर तपासायचा, माइक त्यानंतर.