स्क्रीन फ्लिकर होतेय? कर्नल बायसेक्ट करून नेमका कमिट पकडा

नमस्कार मंडळी! समजा, लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ६.५ वरून ६.६ वर गेला आणि लॅपटॉपची स्क्रीन मधूनच फ्लिकर व्हायला लागली. ग्रबमधून, म्हणजे सुरुवातीच्या बूट मेनूतून, जुना कर्नल निवडला की सगळं ठीक. म्हणजे बिघाड कर्नलमध्येच. पण ग्राफिक्स ड्रायव्हरचा अर्धा संसार कर्नलबाहेर, मेसा या ग्राफिक्स लायब्ररीमध्ये असतो, आणि फर्मवेअरचं (हार्डवेअरच्या आत चालणाऱ्या कोडचं) पॅकेजही वेगळं. म्हणून तपास संपेपर्यंत या दोघांना अपडेट करू नका.

६.५ आणि ६.६ च्या मध्ये दहा हजारांवर कमिट, म्हणजे कोडमधले नोंदवलेले बदल, आहेत. कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटची 'बायसेक्ट' ही कमांड दरवेळी उरलेल्यांतला मधला कमिट काढून देते. त्याचा कर्नल बिल्ड करायचा (कोडपासून तयार करायचा), बूट करायचा आणि सांगायचं: फ्लिकर नाही तर गुड, आहे तर बॅड. साधारण १४ फेऱ्यांत एकच कमिट उरतो. ड्रायव्हरचा कोड कळायची गरजच नाही!

[स्क्रीनवर: टर्मिनल]

बिल्डच्या आधी 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' चालवा. सध्या लोड असलेलीच मॉड्यूल्स (ड्रायव्हरसारखे कर्नलचे सुटे भाग) बिल्ड होतात, वेळ खूप वाचतो. मात्र हेडसेट, वायफाय डोंगल, पेनड्राइव्ह, जे लागतं ते आधी जोडून ठेवा. नाहीतर नव्या कर्नलमध्ये त्याचं मॉड्यूलच नसेल. सिक्युअर बूट चालू असेल तर बंद करा, सही नसलेला कर्नल ते उठूच देत नाही.

मधेच चालू कर्नलची आवृत्ती सांगणाऱ्या 'यूनेम -आर' मध्ये ६.५ च्याही आधीची आरसी (रिलीजआधीची चाचणी आवृत्ती) दिसली तर दचकू नका. ६.६ मध्ये मर्ज झालेल्या (मिसळलेल्या) काही ब्रँच, म्हणजे कामाच्या वेगळ्या शाखा, जुन्या आरसीवरून फुटलेल्या असतात, बायसेक्ट त्यांत शिरतं.

आता खरी गोम. बॅड म्हणायला एक झटका पुरतो. गुड म्हणायला धीर लागतो. फ्लिकर कधी पाच मिनिटांत येतो, कधी दुपारभर येत नाही. दहा मिनिटं यूट्यूब बघून 'गुड' ठोकलंत, की पुढच्या सगळ्या फेऱ्या वाया. त्यामुळे आधी खात्रीनं बिघडलेल्या कर्नलवर फ्लिकर लवकर आणायची युक्ती शोधा: सस्पेंड करून उठवा, बाहेरचा मॉनिटर काढा-घाला, स्क्रीन स्थिर ठेवून फक्त कर्सर हलवा. इंटेलच्या आय९१५ या ग्राफिक्स ड्रायव्हरवर पॅनल सेल्फ रिफ्रेशचा (चित्र स्थिर असताना पॅनलनं स्वतःच ते दाखवत राहण्याचा) घोळ असेल तर हा शेवटचा प्रकार बरेचदा लागू पडतो. कर्नल बूटच झाला नाही, तर बॅड म्हणू नका. तो कमिट सोडून द्यायला 'बायसेक्ट स्किप' आहे.

शेवटी कमिट हाती लागला की लगेच रिपोर्ट टाकायची घाई नको. ६.६ वर तेवढाच एक कमिट रिव्हर्ट करून (मागे घेऊन) बघा. फ्लिकर गेला? मग डीमेसेज (कर्नलचे संदेश) आणि बायसेक्ट लॉग (कोणत्या कमिटला गुड-बॅड म्हटलं त्याची नोंद) जोडून ड्रायव्हरवाल्यांना कळवा. नाही गेला? तर एखादं गुड घाईत दिलं गेलंय. बायसेक्ट लॉग एका फाइलमध्ये लिहून घ्या, त्या संशयित 'गुड'पासून खालच्या सगळ्या ओळी काढा, 'बायसेक्ट रिसेट' करा, मग 'बायसेक्ट रिप्ले'ला ती फाइल द्या आणि तिथून पुढे चालू करा.