विम्याचा कागद आधी सभेत वाचा

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय शिक्षकांच्या आरोग्य विम्याबद्दल, म्हणजे तो निवडताना शिक्षक संघटनेनं नेमकं काय करावं त्याबद्दल. मी इथल्याच, सोलापूर जिल्ह्यातल्या झेडपी शाळेत शिकवतो, त्यामुळं हे सगळं रोज स्टाफरूममध्ये ऐकतोय.

आत्ता कसं चालतं बघा. घरात कुणी अ‍ॅडमिट झालं की आधी पैसे आपण भरायचे, पतसंस्थेचं तातडीचं कर्ज काढा नाहीतर सोनं गहाण ठेवा, आणि डिस्चार्ज मिळाला की मेडिकल बिलाची फाईल करायला बसायचं. प्रत्येक बिलावर डॉक्टरांची सही आणि शिक्का, मग मुख्याध्यापक, गटशिक्षणाधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक, मग झेडपी, त्यातही आजार सरकारनं ठरवलेल्या २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजारांच्या यादीत बसला पाहिजे, आणि एवढं होऊन बिल मंजूर झालं तरी अनुदान येईपर्यंत वाट बघत राहायचं. करमाळ्याच्या टोकाला असलेल्या शाळेतल्या बाईंनी एका सहीसाठी सोलापूरला किती चकरा मारायच्या? म्हणून तर कॅशलेस द्या, म्हणजे हॉस्पिटलचं बिल कंपनीनंच परस्पर भरावं, अशी मागणी संघटना करत आल्यात, आणि ती रास्तच आहे.

त्यामुळं संघटना ग्रुप पॉलिसी, म्हणजे सगळ्या सभासदांचा मिळून एकच विमा, काढायची म्हणाली की सगळे खूश होतात. मीही त्याच बाजूचा आहे. एकट्या माणसाला शुगर बीपी असलं की कंपनी जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते, तेच हजारो शिक्षक एकत्र आले तर जुने आजार पहिल्या दिवसापासून कव्हर करा असं ठणकावून सांगता येतं. ही ताकद फक्त संघटनेकडं आहे. पण सगळे आले तरच बरं का. फक्त पन्नाशीच्या पुढचे आणि आजारी असलेलेच आले आणि तरुण शिक्षक बाहेर राहिले तर क्लेम वाढतात, पुढच्या वर्षी प्रीमियम वाढतो, मग उरलेले तरुणही निघून जातात आणि योजना दोन तीन वर्षांत बसते.

माझं म्हणणं एवढंच आहे की संघटनेनं घेणाऱ्याच्या बाजूनं बसावं, विकणाऱ्याच्या नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन नावाचं राज्य आहे, तिथं शिक्षक संघटनेनंच विम्याचा ट्रस्ट काढला होता आणि शाळांनी त्याच ट्रस्टचा विमा घ्यावा म्हणून वाटाघाटीत जोर लावला जायचा. विमा चांगला होता म्हणतात, पण महाग पडतो आणि संघटनेचं हित त्यात अडकलंय असा आरोप कायम व्हायचा. २०११ साली तिथं अ‍ॅक्ट १० नावाचा कायदा आला आणि विम्यावर वाटाघाटी करायचा हक्कच संघटनेच्या हातातून गेला. मला तो कायदा शिक्षकांवर अन्याय करणारा वाटतो, पण त्या आरोपानं विरोधकांच्या हातात आयतं कोलीत दिलं हेही खरंय. आपल्याकडं म्हणून पहिल्याच सभेत विचारायचं, एजंट कोण, कमिशन कुणाला जातंय, किती कंपन्यांचे कोटेशन मागवले.

दुसरं म्हणजे सभेत फक्त पाच लाखाचं कव्हर असं सांगतात आणि टाळ्या पडतात. आत काय आहे ते वाचा. समजा तीन लाखाची पॉलिसी आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा त्याच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार. तुम्ही चार हजाराची खोली घेतली. माणसाला वाटतं रोजचे वरचे हजार रुपये आपण भरू, त्यात काय. पण पॉलिसीत प्रमाणात कपातीची अट असेल, म्हणजे खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली की बाकीचा खर्चही त्याच प्रमाणात कापायचा, तर सर्जनची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर या सगळ्याचे तीन चतुर्थांशच मिळतात. हा खर्च एक लाख साठ हजार झाला असेल तर चाळीस हजार तुमच्या खिशातून गेले. औषधं, तपासण्या, इम्प्लांट यांना ही कपात लागत नाही, पण बाकीच्याला लागते, आणि ही अट प्रीमियम भरताना कुणीच सांगत नाही. संघटनेनं खोलीभाड्याची मर्यादा काढून घेतली तर माझ्या मते ते कव्हर दोन लाखानं वाढवून घेण्यापेक्षा जास्त कामाचं आहे.

हॉस्पिटलची यादी पण तालुक्याप्रमाणं बघा. सगळी कॅशलेस हॉस्पिटलं सोलापूर शहरात असली तर अक्कलकोट मोहोळवाल्यांचं भागेल, पण माळशिरसचा माणूस अकलूजला जातो, करमाळ्याचा बार्शीला नाहीतर थेट पुण्याला. बार्शीत नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, ते यादीत आहे का हे सही करायच्या आधी विचारा, नंतर नाही.

जीएसटीचं पण सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (अख्ख्या घराला मिळून एकच कव्हर) पॉलिसीवरचा जीएसटी गेला, ग्रुप पॉलिसीवर मात्र १८ टक्के आहेच. म्हणजे दहा हजाराच्या प्रीमियमवर अठराशे जास्त. तब्येतीनं ठणठणीत तिशीतल्या शिक्षकाला एकट्याची पॉलिसी स्वस्त पडू शकते, संघटनेनं हे लपवू नये, दोन्ही हिशेब कागदावर मांडावेत आणि मग एकत्र या म्हणून सांगावं. आईवडिलांना घेणार का, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाल्यावर काय, हे दोन मुद्दे तर करारात लिहूनच घ्यावेत, कारण विम्याची खरी गरज तेव्हाच लागते.

आणि क्लेम नाकारला तर गप्प बसू नका. आधी कंपनीकडं लेखी तक्रार करा, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर पुण्यात विमा लोकपालाचं ऑफिस आहे, आपला जिल्हा त्यांच्याकडंच येतो, ५० लाखापर्यंतचे दावे ते ऐकतात, फी नाही, वकील लागत नाही. ग्रुप पॉलिसीच्या तक्रारीही चालतात. संघटनेनं अकराही तालुक्यांत एकेक माणूस फक्त ह्या कामाला नेमावा, त्याचा फोन नंबर प्रत्येक शाळेच्या बोर्डावर असावा, आणि वर्षाच्या शेवटी किती क्लेम आले, किती नाकारले, का नाकारले ते सभेत वाचून दाखवावं, त्यानंतरच रिन्यूअलवर मतदान घ्यावं. नमस्कार.