सिलोन आज लागंना

[दृश्य : बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका, पहाट. कौलारू घराची पडवी, खुंटीला जुना ट्रान्झिस्टर.]

आमच्या आजोबांचा दिवस या ट्रान्झिस्टरनं उजाडायचा. शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन. काटा तोच, वेळ तीच, एरियलची तार आंब्याच्या त्याच फांदीला. तरी एखाद्या सकाळी गाणारा पडवीतच बसलाय असं वाटायचं, आणि दुसऱ्या सकाळी नुसती खरखर. आजोबा म्हणायचे, "काल झ्याक लागलं होतं बघ. आज लागंना." मग आम्ही सेल बदलून बघायचो.

कोलंबोहून खानापूर सुमारे ११०० किलोमीटर. एवढ्या लांबून शॉर्टवेव्हची लहर जमिनीला धरून येत नाही. ती वर जाते, तामिळनाडूच्या आकाशात आयनांबर नावाच्या विद्युतभारित थरावरून वळते आणि आपल्याकडे उतरते. सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण तिथल्या विरळ हवेतले इलेक्ट्रॉन सुटे करतात, त्यातून हा थर बनतो. सकाळी भरतो, रात्री ओसरतो.

सौरवादळ आलं की हा थर ढवळून निघतो, हे आता बातम्यांतही येतं. पण वादळच नसेल तर? पृथ्वीभोवतीची चुंबकीय खळबळ ० ते ९ अशा केपी निर्देशांकात मोजतात. तो १ च्याही खाली असतो अशा निवांत दिवसांतसुद्धा तिथली इलेक्ट्रॉनांची घनता सरासरीपेक्षा पाव हिश्श्यानं, कधी त्याहूनही जास्त, वर-खाली होते. मला वादळापेक्षा या शांत दिवसांचंच जास्त नवल वाटतं. कारण इथं खोडी वरून होत नाही, खालून होते.

[दृश्य : कणकुंबीचा घाटमाथा. गोव्याच्या बाजूनं चढणारे ढग.]

वाफेचा ढग होताना उष्णता बाहेर पडते. कणकुंबीच्या एका ढगानं आयनांबर हलत नाही. पण अ‍ॅमेझॉन, काँगो, इंडोनेशिया, अशा सगळ्या उष्ण पट्ट्यात रोज दुपार-संध्याकाळी हेच चालतं. त्यात हवेतली वाफ आणि ओझोन थेट ऊन शोषतात, ते वेगळंच. रोज तापायचं, रोज निवायचं. या श्वासातून हवेत चोवीस आणि बारा तासांच्या लाटा उठतात, वातावरणाची भरती-ओहोटीच ती. वर जावं तशी हवा पातळ होते आणि लाट वाढत जाते. आसूड मुठीपाशी जेमतेम हलतो, पण टोकाला कडाडतो, तसं. शंभर किलोमीटरवर पोचेपर्यंत त्या लाटेचा सोसाट्याचा वारा झालेला असतो.

आणि तिथं तो वारा विद्युतभारित कणांना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून ओढून नेतो. सायकलच्या डायनॅमोत हेच होतं: चाक फिरलं की दिवा लागतो. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ बॅलफोर स्ट्युअर्ट यांनी १८८२ मध्येच, म्हणजे आयनांबराचा पुरावा हाती यायच्या चाळीसेक वर्षं आधी, ताडलं होतं की चुंबकसूचीची रोजची बारीक हालचाल वरच्या हवेतल्या विद्युतप्रवाहामुळे होते. ती हालचाल आपल्याकडे १८४१ पासून आधी मुंबईत कुलाब्याला नोंदली जायची, आणि १९०४ पासून अलिबागला नोंदली जातेय.

[दृश्य : नकाशा. थुंबा, बेळगाव, अहमदाबाद.]

केरळातल्या थुंब्याला टांगती चुंबकसूची जवळपास आडवी राहते, कारण चुंबकीय विषुववृत्त तिथून अगदी जवळून जातं. म्हणूनच २१ नोव्हेंबर १९६३ ला भारतातून पहिलं रॉकेट तिथून उडालं. दिवसा त्या डायनॅमोचं विद्युतक्षेत्र तिथला प्लाझ्मा, म्हणजे सुट्या इलेक्ट्रॉनांचा आणि विद्युतभारित कणांचा वायू, शेकडो किलोमीटर वर उचलतं; मग तो कारंज्यासारखा चुंबकीय बलरेषांवरून दोन्ही बाजूंना घसरतो. उत्तरेकडची धार गुजरात-मध्य प्रदेशाच्या आकाशात उतरते. निपाणी, चिकोडी, बेळगाव, खानापूर हा आपला सगळा मुलूख या कारंज्याच्या उतारावर आहे. शंभर किलोमीटरवरचा वारा बदलला की कारंज्याचा जोर बदलतो, आणि आपल्या डोक्यावरचं आभाळही.

२००६ मध्ये एका उपग्रहाच्या अतिनील चित्रांतून कळलं की पृथ्वीभोवती या धारेला चार फुगवटे आहेत, आणि त्यांचा माग खालच्या पावसाच्या पट्ट्यांपर्यंत जातो. पाऊस आणि प्लाझ्मा यांचं नातं! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उठून अंगणात गेलो होतो.

२००९ चा जानेवारी तर विसरण्यासारखा नाही. सूर्य निपचित पडलेला. उत्तर ध्रुवावर तीसेक किलोमीटर उंचीवरचं स्थितांबर, म्हणजे ढगांच्याही वरचा हवेचा थर, मात्र काही दिवसांत एकाएकी तापलं. आणि तिकडे विषुववृत्तापाशी, पेरूतल्या हिकामार्का रडारला प्लाझ्मा सकाळी नेहमीपेक्षा जोरानं चढताना आणि दुपारी उलटा उतरताना दिसला. अशा वेळी चंद्राच्या ओढीनं हवेत उठणारी भरतीही फुगते. समुद्राच्या भरतीसारखीच तीही रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येते.

[दृश्य : कोल्हापूर, रात्र. आकाशाकडे तोंड केलेला कॅमेरा.]

कोल्हापुरातून अशा कॅमेऱ्यांनी सुमारे २५० किलोमीटरवरची अंधुक तांबडी प्रभा टिपली आहे. डोळ्यांना ती दिसत नाही. सूर्य मावळल्यावर कधी तिच्यात काळे पट्टे उमटतात. ते प्लाझ्माचे बुडबुडे. उपग्रहाचे संदेश त्यांतून येताना थरथरतात, आणि तेही चुंबकीय वादळाशिवाय.

[दृश्य : पुन्हा पडवी. आंब्यावरची तार.]

सेल चांगलेच होते, आजोबा. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.