मळीचं पाणी पुढे जाण्याआधी

(दृश्य : पहाट. सांगलीचा आयर्विन पूल, काठाला लागलेली मेलेली मासळी.)

कृष्णेत मासे मेले की काठावर गर्दी जमते, मोबाइलवर व्हिडिओ फिरतात. लेखी तक्रार मात्र तिसऱ्या दिवशी जाते. तोवर पाणी खालच्या अंगाला, म्हैसाळकडे सरकलेलं असतं. मग नमुन्यात सापडणार काय?

मासे दरवेळी विषानेच मरतात असं नाही. साखर कारखान्याच्या मळीमिश्रित पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवतात. मासे आधी वर येतात, पाण्याच्या पातळीशी तोंडं उघडझाप करत राहतात. फोन करायची वेळ ती. मासळीचा खच पडेपर्यंत थांबायचं नाही.

(दृश्य : नाल्याचं तोंड, काळपट फेस.)

मेलेल्या माशांपेक्षा नाल्याच्या तोंडाचा फोटो कामाचा. एक तोंडाचा, एक त्याच्या वरच्या अंगाचा, एक खालच्या. मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा आणि मूळ फोटो जपा. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की त्यातली ठिकाणाची नोंद गळून जाते.

बाटलीत पाणी भरून ठेवायचा मोह होतो. पण १९७४च्या जल कायद्याच्या कलम २१नुसार सांडपाण्याचा नमुना कोर्टात टिकायचा, तर तो प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसानेच, नोटीस देऊन, दोन भाग करून, सीलबंद करून घ्यावा लागतो. म्हणून मंडळाच्या सांगलीतल्या उपप्रादेशिक कार्यालयाला आधी फोन, लगेच ईमेल.

(दृश्य : हाताने लिहिलेला अर्ज.)

‘अमक्या कारखान्याने विष सोडलं’ असं लिहू नका. ते सिद्ध करायचं ओझं आपल्यावर कशाला? डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहा : ‘आज पहाटे पावणेसहाला, घाटाच्या खाली, डाव्या काठच्या नाल्यातून तपकिरी, उग्र वासाचं, फेसाळ पाणी नदीत येत होतं.’ पुढे मागणी : नमुने घ्या, आमच्यासमोर पंचनामा करा, अहवालाची प्रत द्या. शहराचं मैलापाणी असेल तर एक प्रत महापालिका आयुक्तांना. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार : दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. ‘कारवाई का केली नाही?’ या प्रश्नाला माहिती मिळत नाही. कागद मागा : पंचनामा, प्रयोगशाळेचा अहवाल, दिलेली नोटीस, कारखान्याचं संमतीपत्र. रोज किती घनमीटर सांडपाणी, कुठे सोडायचं, हे त्या संमतीपत्रात असतं.

(दृश्य : नदी, संध्याकाळ.)

शेवटचं दार पुण्यातलं, पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाचं. भरपाई मागायची नसेल तर फी १,००० रुपये. मुदत सहा महिने. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस. यात बरेच जण फसतात. कार्यालयाशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून बसून राहतात. मुदत मोजली जाते ती वादाचं कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून, शेवटच्या पत्राच्या तारखेपासून नाही.