अर्धं हळकुंड

सांगलीत उभं राहून हळदीबद्दल वाकडं बोलायला छाती लागते. म्हणून आधीच सांगून टाकतो, आजची गोष्ट बांगलादेशातली आहे. (हशा) पण ती इथं सांगण्याला कारण आहे. पर्यावरणातलं विष शोधून काढणं वेगळं आणि ते माणसाच्या ताटातून काढणं वेगळं. हा फरक हळदीच्या गावाला जितका कळेल तितका दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

ग्रामीण बांगलादेशातल्या ४३० गरोदर बायकांचं रक्त तपासलं, तेव्हा जवळपास ३१ टक्के जणींच्या रक्तात शिसं जास्त निघालं. जास्त म्हणजे डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून वर. शिसं हाडांत जाऊन बसतं. गरोदरपणात बाळासाठी कॅल्शियम लागतं, ते हाडांतून सुटू लागलं की त्याच्याबरोबर शिसंही बाहेर पडतं आणि गर्भाशयातली वार ओलांडून बाळापर्यंत जातं. वाढत्या मेंदूला त्याची इतकी मात्रा चालते, असं कुणीही सांगू शकत नाही.

पण आलं कुठून? शिसं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं बॅटरीची भट्टी येते, जुनं पेट्रोल येतं. इथं तर भाताची शेती आणि पत्र्याची घरं. स्टॅनफर्डच्या जेना फोरसाइथ आणि ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी या आरोग्य संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी कीटकनाशकं, माती, तांदूळ, धान्याचे डबे, असे एकेक संशयित तपासले. त्यांत हळदही होती.

आता शिशाची एक गंमत बघा. सगळं शिसं सारखं नसतं. त्यात २०६, २०७, २०८ अशा वेगवेगळ्या वजनांचे अणू असतात आणि त्यांचं आपसातलं प्रमाण खनिज कुठल्या खाणीतलं यावर ठरतं. एका परीनं हा शिशाचा ठसाच. बायकांच्या रक्तातला ठसा हळदीतल्या ठशाशी जुळला. २०१९ साली हे छापून आलं.

इथं बहुतेक संशोधन थांबतं. निबंध छापला, परिषदेत टाळ्या मिळाल्या, पुढच्या अनुदानाचा अर्ज टाकला. आपल्याकडं याला अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात. मी स्वतः अनेकदा झालोय, म्हणून हक्कानं बोलतो.

ही माणसं मात्र बाजारात गेली. नऊ जिल्ह्यांत शेतकरी, व्यापारी, गिरणीवाले, पॉलिश करणारे अशा १५२ जणांशी बोलली. तुम्हाला पॉलिश सांगायला नको. शिजवून वाळवलेलं हळकुंड ड्रममध्ये फिरवायचं, साल घासून निघते आणि आतला रंग वर येतो. तिथं काही ठिकाणी या फिरत्या ड्रममध्ये मूठभर पिवळी पूड टाकत होते. स्थानिक नाव ‘पिउरी’. आपल्या ‘पिवडी’ची आठवण येते ना? रसायनशास्त्रात ते लेड क्रोमेट, रंगाच्या डब्यात असतं तेच. काळवंडलेलं, किडकं हळकुंडसुद्धा त्यानं बसंती दिसायला लागतं, आणि घासायचा वेळही वाचतो.

सुरुवात कधी झाली, तर लोकांनी ऐंशीच्या दशकाकडं बोट दाखवलं. तेव्हाच्या मोठ्या पुरात हळद भिजली, रंग गेला, माल खपेना. हळद साठवायच्या हरिपूरच्या पेवांत २००५ साली पाणी शिरलं तेव्हा काय वास सुटला होता, हे इथल्या कित्येकांना आठवत असेल. भिजलेल्या हळदीपुढं बसलेल्या माणसाची कळ तुम्हाला वेगळी समजवायला नको. तिथं त्या कळीतून एक खोड लागली आणि पूर ओसरला तरी गेली नाही. पूड टाकणाऱ्यांपैकी अनेकांना ती विषारी आहे हेच माहीत नव्हतं. 

मग २०१९च्या उत्तरार्धात संशोधकांनी सगळे आकडे बांगलादेशच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणापुढं ठेवले. इशाऱ्याची पत्रकं बाजारात लागली, बातम्या झाल्या. ढाक्यातल्या श्यामबाजार या घाऊक पेठेत फिरतं न्यायालय गेलं. अधिकाऱ्याच्या हातात पिस्तुलासारखं दिसणारं क्ष-किरण यंत्र. हळदीवर धरलं की थोड्याच वेळात शिशाचा आकडा दिसतो. प्रयोगशाळेचा अहवाल यायची वाट नाही, नमुना बदलला म्हणायला जागा नाही. दोन व्यापाऱ्यांना तिथल्या तिथं दंड झाला आणि तो टीव्हीवर दिसला. माझ्या मते त्या दंडाच्या रकमेपेक्षा टीव्हीनं जास्त काम केलं.

२०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं. २०२० च्या सुरुवातीला ५ टक्के. २०२१ मध्ये शून्य.

मला विचाराल तर या सगळ्यात पैसा मिळायला सर्वांत अवघड काम म्हणजे प्रयोगशाळेतून बाजारापर्यंतचं हे चालणं. रक्त तपासायला पैसा मिळतो, यंत्राला मिळतो. गिरणीवाल्यासोबत चहा पीत चार तास बसायला कुठल्या रकान्यातून देणार? आणि देणाऱ्याला ‘पी हळद नि हो गोरी’ हवं असतं. वर्षाअखेरीस अहवाल द्या म्हणतात. इथं बायकांच्या रक्तापासून श्यामबाजारापर्यंत यायला काही वर्षं गेली.

(श्रोत्यांतून प्रश्न: आपल्याकडं काय?)

विचारणार हे ठाऊक होतं. भारत, पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका इथल्या शहरांतले नमुने त्याच गटानं नंतर तपासले. बहुतेक ठीक होते. पाटणा आणि गुवाहाटीतल्या काही नमुन्यांत मात्र शिसं आपल्या सरकारी मर्यादेच्या कितीतरी वर होतं. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकून शिसं ओळखायच्या चित्रफिती फिरतात, त्यांवर विसंबू नका. नमुना प्रयोगशाळेतच द्या.

आणि हो, एक राहिलं. तिथं हळदीच्या गिरण्यांत काम करणाऱ्या १५ जणांचं रक्त कारवाईच्या आधी आणि नंतर तपासलं होतं. त्यांच्या अंगातलं शिसं साधारण ३० टक्क्यांनी उतरलं होतं. ड्रम तेच, माणसंही तीच.