पेट्रोलच्या पाइपातला ऊस

(दृश्य: कोल्हापुरातलं गॅरेज. जॅकवर चढवलेली कार्ब्युरेटरवाली मारुती ८००.)

तक्रार नेहमीचीच. गाडी चालू होते, पण रेस दिली की झटके देते. मिस्त्री इंजिनाकडे वळतच नाहीत. आधी पेट्रोलचा पाइप चिमटीत धरून दाबतात. रबर लिबलिबीत लागतं, नखाचा वण तसाच राहतो. पाइप उभा चिरला, तर आतला थर फुगून पेट्रोलची वाट अरुंद झालेली.

हे जुन्या जातीचं रबर निव्वळ पेट्रोलमध्ये वर्षानुवर्षं टिकायचं. आता पंपावर मिळतं ते ई-२०. म्हणजे शंभर लिटरमागे वीस लिटर इथेनॉल. त्यातलं बरंचसं याच भागातल्या कारखान्यांच्या डिस्टिलरीतून, मळीपासून आणि उसाच्या रसापासून आलेलं.

(दृश्य: उसाने भरलेले ट्रॅक्टर, कारखान्याचं गेट.)

इथेनॉल मिसळण्याचे पथदर्शी प्रयोग २००१ साली झाले, तेही जवळच, मिरजेला. दुसरा मनमाडला आणि तिसरा उत्तर प्रदेशात, बरेलीजवळ आंवल्याला. जानेवारी २००३ मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झालं. १० टक्के गाठायला जून २०२२ उजाडलं. पुढे दहाचे वीस मात्र जेमतेम तीन वर्षांत झाले. सगळी चर्चा मायलेजवर अडली. ते घटतंच, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी असते. पण जुन्या गाडीवाल्याचं खरं दुखणं मायलेज नव्हे, हे रबर आहे.

(दृश्य: बाकावर सुटा केलेला पेट्रोल पंप, शेजारी कार्ब्युरेटर.)

टाकीतून पेट्रोल ओढणारा मारुतीचा हा पंप इंजिनच्याच हालचालीवर चालतो. आत पातळ डायफ्रॅम, म्हणजे लवचिक पडदा. तो फाटला की पेट्रोल बाहेर ठिबकतं, आणि काही वेळा इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणून मिस्त्री डिपस्टिक काढून आधी वास घेतात. ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर गाडी तिथेच उभी. पातळ झालेल्या ऑइलवर चालवली, तर बेअरिंगं जातील.

हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर उघडला, की त्यात पेट्रोल साठतं त्या फ्लोटच्या वाटीत पांढरट भुकटी दिसते. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि ते ओलसर मिश्रण जस्त-अॅल्युमिनियमला खातं. पाणी मर्यादेपलीकडे गेलं, तर इथेनॉल त्याच्यासकट पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. पेट्रोल ओढणारी नळीही तळाशीच. रोज फिरणाऱ्या गाडीत पेट्रोल साचून राहत नाही, त्यामुळे हे सहसा घडत नाही. पावसाळाभर झाकून ठेवलेली, अर्ध्या टाकीची गाडी यात सापडते. हौसेने जपलेल्या गाड्या जास्त बिघडतात, त्या अशा.

टाकीची गंमत आणखी वेगळी. इथेनॉल चांगलं द्रावक आहे. वीस-पंचवीस वर्षांचा चिकट थर आणि गंज ते सोडवतं आणि फिल्टरमध्ये आणून टाकतं. कधी काळी कुणी टाकीला आतून लेप दिला असेल, तर त्याचेही पापुद्रे निघू शकतात. अशा वेळी नुसते जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची बारीक छिद्रं, साफ करून गाडी परत दिली, तर ती पुन्हा दारात येणारच. टाकी उतरवायची, धुवायची, नवा फिल्टर लावायचा आणि काही टाक्या पेट्रोल जळल्यावर तो पुन्हा बदलायचा.

पाइप घेताना दुकानात ‘पेट्रोल पाइप द्या’ म्हणून भागत नाही. व्हिटॉनच्या, म्हणजे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या, अस्तराचा मागायचा. पाइपावर एसएई जे३० आर९ असा छाप असेल, तर तो चालतो. कार्ब्युरेटरच्या किटमधली रबरी टोकाची नीडल, डायफ्रॅम, ओ-रिंग यांनाही हाच नियम.

(दृश्य: स्पार्क प्लगचं टोक, जवळून.)

प्लग पांढरा पडलाय. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला साडेतेराच्या आसपास. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हे ओळखतो आणि कॉम्प्युटर इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरला ते कळत नाही, तो जुन्याच हिशेबाने इंधन सोडतो आणि मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. इंजिन तापतं, पिकअप मरतो. मिस्त्री मेन जेट एक नंबर मोठा बसवतात, आयडलिंगचा स्क्रू थोडा फिरवतात आणि गाडी पळवून आणल्यावर पुन्हा प्लग काढतात. आता टोक बिस्किटी हवं.

मारुतीचं किट निदान मिळतं. कुर्ल्यात बनलेली जुनी प्रीमियर पद्मिनी आली, की शोधाशोध सुरू. दुकानातला माल जुन्या स्टॉकचा, म्हणजे जुन्याच रबराचा. तो बसवला तर पुन्हा तेच. मग मिस्त्री इंधनाला टिकणारं डायफ्रॅमचं कापड आणतात, जुना डायफ्रॅम त्यावर ठेवून पेन्सिलीने आखतात आणि भोकं पाडून नवा कापून काढतात.